फाटक होतं तसंच ठेवा : इंग्लंडमधल्या शेतावरची सुट्टी



आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचरं, शेजारपाजारची मंडळी आज इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत. उन्हाळ्यात इकडचे आजी-आजोबा तिकडे जातात आणि मग सगळं कुटुंब आठवडाभर एखाद्या शेतावरच्या घरात राहून येतं. हिरवी कुरणं, दगडी घर, दारापुढे मेंढ्या असे फोटो आपल्या मोबाइलवर येतात. फोटो पाहून मुलं विचारतात, "तिथे हॉटेल नाही का? मग जेवायला कोण देतं?" हा प्रश्न उडवून लावू नका. त्यातून भूगोल, गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र असे चार विषय शिकवता येतात. आजचा लेख त्यासाठीच.

इयत्ता : पाचवी ते नववी. वेळ : दोन तासिका. पालकांनी घरी घेतलं तर एक निवांत संध्याकाळ पुरते.

शब्दापासून सुरुवात करू

या घराला तिकडे 'सेल्फ-केटरिंग कॉटेज' म्हणतात. सोपा अर्थ असा की घर मालकाचं, स्वयंपाक आपला. भांडी, शेगडी, फ्रिज, पलंग, पांघरुणं सगळं तयार असतं. पण डाळ-तांदूळ आपण आणायचे, भांडी आपण घासायची, केर आपण काढायचा. 'बेड अँड ब्रेकफास्ट' हा वेगळा प्रकार. त्यात यजमानाच्या घरात खोली मिळते आणि सकाळी न्याहारी मिळते.

भाडं बहुतेक वेळा आठवड्याचं असतं. शुक्रवारी किंवा शनिवारी दुपारी तीन-चारच्या सुमारास घर ताब्यात मिळतं आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी सकाळी दहापर्यंत सोडायचं असतं. मधल्या पाच-सहा तासांत चादरी बदलणं, न्हाणीघर धुणं, ओटा पुसणं, पुढच्या पाहुण्यांसाठी टेबलावर दूध, चहा आणि एखादा घरगुती केक ठेवणं ही सगळी कामं उरकायची असतात. पुष्कळ ठिकाणी हे काम शेतकऱ्याच्या घरातली बाई करते, आणि त्याच सकाळी गोठ्यातलं कामही झालेलं असतं. मुलांना हे आवर्जून सांगा. फोटोतलं नीटनेटकं घर कुणाच्या तरी श्रमातून उभं असतं.

घराच्या नावात घराचा इतिहास

या घरांची नावं फळ्यावर लिहा आणि मुलांना अर्थ ओळखायला सांगा.

'द बायर' म्हणजे गोठा. 'द स्टेबल्स' म्हणजे घोड्यांची पागा. 'द ग्रॅनरी' म्हणजे धान्याचं कोठार. हे कोठार बऱ्याचदा छत्रीच्या आकाराच्या दगडी पायांवर उभं असे, म्हणजे उंदरांना वर चढता येत नसे. 'कार्ट शेड' म्हणजे गाड्या ठेवायची पडवी. केंटमध्ये 'ओस्ट हाउस' दिसतं, उंच निमुळत्या छपराचं. तिथे बिअरसाठी लागणारे हॉप्स वाळवत. 'बार्न' हा शब्दही गमतीचा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ 'जवाचं घर' असा होता.

मग या गोठ्या-कोठारांत आज माणसं का राहतात? कारण शेती बदलली. दुसऱ्या महायुद्धानंतर घोड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली, पागा रिकाम्या झाल्या. कंबाइन हार्वेस्टर शेतातच मळणी करू लागला, त्यामुळे मळणीची कोठारं ओस पडली. नवी यंत्रं जुन्या दगडी दारांतून आत जाईनात, म्हणून शेतकऱ्यांनी मोठ्या पत्र्याच्या शेड बांधल्या. यॉर्कशायर डेल्समध्ये तर जवळजवळ प्रत्येक कुरणात एक छोटं दगडी कोठार दिसतं. वर वाळलेलं गवत, खाली हिवाळ्यात बांधलेल्या गाई, आणि त्यांचं शेणखत त्याच कुरणात. ही व्यवस्था मोडली तशी कोठारंही मोडायला लागली. पाडायला जीव होईना, राखायला पैसा नाही. त्यातल्या काहींची दुरुस्ती होऊन ती पाहुण्यांची घरं झाली.

भोवतालच्या भिंतीही मुलांना दाखवा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. आपल्या कोकणातल्या मुलांना वेगळं सांगायला नको, तो गडगाच आहे!

शेतकरी घर भाड्याने का देतो?

हौस म्हणून देणारे थोडे. बहुतेकांना शेतीला जोडधंदा हवा असतो. डोंगराळ भागात धान्य फारसं होत नाही. मेंढ्या, थोड्या गाई आणि गवत यावरच घर चालवायचं. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने दुधाच्या उत्पादनावर मर्यादा घातली, तेव्हा जास्त दूध काढून उत्पन्न वाढवायची वाटही अरुंद झाली. त्याच्या एक वर्ष आधी, १९८३ मध्ये, पाहुणे ठेवणाऱ्या शेतकऱ्यांची एक संघटना उभी राहिली होती. ती आज 'फार्म स्टे यूके' नावाने ओळखली जाते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर जमिनीच्या क्षेत्रानुसार मिळणारी थेट मदतही इंग्लंडमध्ये २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत गेली.

म्हणजे शेतीचा एक पाय लंगडा झाला की कॉटेजचं भाडं काठीसारखं उपयोगी पडतं. पण पाहुणे येतात ते शेत चालू असतं म्हणून. चरणाऱ्या मेंढ्या, बांधलेले गडगे, कापलेलं गवत यांमुळेच तो देखावा तसा दिसतो. शेत बंद पडलं तर कॉटेजच्या खिडकीतून काय दिसणार? म्हणून पाहुण्याने एक गोष्ट लक्षात ठेवायची : आपण सुट्टीवर असलो तरी यजमान कामावर आहे. आपण राहतो ती त्याची कामाची जागा आहे.

फाटकाचं गणित

इंग्लंडमध्ये खासगी शेतांमधून जाणाऱ्या हजारो पायवाटा लोकांना कायद्याने खुल्या आहेत. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, निळा बाण म्हणजे घोडेस्वार आणि सायकलवाल्यांनाही परवानगी. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर याच वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. आपल्या मुलांनी स्थलनिर्देशक नकाशा शिकलेला असतो, त्यामुळे त्यांना हा नकाशा वाचायला वेळ लागत नाही.

या वाटांवर जागोजागी फाटकं लागतात. तिथला नियम एका ओळीचा आहे : फाटक जसं होतं तसंच ठेवा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

मुलं विचारतील, उघडं फाटक लावलं तर काय बिघडलं? चांगलंच केलं ना? नाही. शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं, कारण पाणी पलीकडच्या कुरणात असतं. फाटक लागलं तर जनावरं दिवसभर तहानलेली राहतील.

आणि बंद फाटक उघडं राहिलं तर? इथे गणित घ्या. मेंढीचा गाभण काळ सुमारे १४७ दिवसांचा. उत्तरेकडचे डोंगरी शेतकरी नर मेंढा एरवी वेगळा ठेवतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेंढ्यांमध्ये सोडतात. ५ नोव्हेंबरला सोडला तर पहिली कोकरं कधी येतील? मुलांना दिवस मोजू द्या. नोव्हेंबरचे २५, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१ मिळून झाले १४६, आणि पुढचा दिवस १ एप्रिल. तोवर थंडीचा जोर ओसरतो आणि कुरणात नवं गवत फुटू लागतं. दूध पाजणाऱ्या मेंढीला तेच हवं असतं.

आता समजा, १५ सप्टेंबरला कुणी पाहुण्याने फाटक उघडं टाकलं आणि मेंढा पलीकडे गेला. पुन्हा १४७ दिवस मोजा. तारीख येते ९ फेब्रुवारी. डोंगरावर बर्फ, गवत नाही, रात्र लांब. ओल्या अंगाची कोकरं उघड्यावर जन्मली तर काही तासांत गारठून मरतात. पाहुणा मात्र सप्टेंबरमध्येच घरी परतलेला असतो. त्याला याची खबरही लागत नाही.

मला या पाठातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या छोट्याशा निष्काळजीपणाची किंमत दुसऱ्याला पाच महिन्यांनी मोजावी लागते, हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही. तारखा स्वतः मोजल्या की पटतं.

(एक रंगीत माहिती : मेंढा सोडताना त्याच्या छातीला रंग लावतात. ज्या मेंढीच्या पाठीवर तो रंग उमटतो ती फळली असं समजतात. ठराविक दिवसांनी रंग बदलतात, म्हणजे कुठली मेंढी आधी विणार, कुठली नंतर, हे पाठ बघूनच कळतं. तेव्हा फोटोत लाल-निळ्या पाठीच्या मेंढ्या दिसल्या तर ती होळी नव्हे!)

२००१ सालची गोष्ट

२० फेब्रुवारी २००१ रोजी इंग्लंडमध्ये डुकरांना लाळ्या-खुरकूत झाल्याचं निश्चित झालं. आपल्या पशुपालकांना हा रोग चांगला माहीत आहे. तोंडाला आणि खुरांना फोड येतात, जनावर खात नाही, दूध आटतं. माणसाला त्याचा धोका जवळजवळ नसतो. पण जनावरांत तो झपाट्याने पसरतो, आणि बुटांच्या चिखलातून, गाडीच्या चाकांवरूनही दुसऱ्या शेतावर पोहोचतो.

रोगमुक्त देश म्हणून मांस आणि जनावरं निर्यात करायची असल्यामुळे ब्रिटनने बाधित आणि आसपासची जनावरं मारून टाकण्याचा मार्ग घेतला. शेवटचा रुग्णप्राणी ३० सप्टेंबरला सापडला. तोवर २,०२६ ठिकाणी रोग आढळला होता आणि साठ लाखांहून अधिक जनावरं मारली गेली होती. सर्वांत मोठा फटका कंब्रिया परगण्याला बसला. लेक डिस्ट्रिक्ट तिथेच आहे. ३ मे रोजी व्हायच्या स्थानिक निवडणुका ७ जूनवर ढकलल्या गेल्या.

गावाकडच्या पायवाटा बंद झाल्या. जिथे एकही जनावर आजारी नव्हतं तिथल्या कॉटेजही रिकाम्या पडल्या. ज्या जोडधंद्यावर शेतकरी अडचणीच्या वर्षी भिस्त ठेवायचा, तोच अडचणीच्या वर्षी बसला.

आणखी एक नुकसान पैशात मोजता येणारं नव्हतं. लेक डिस्ट्रिक्टच्या उंच डोंगरांवर कुंपण नसतं. तिथल्या हर्डविक मेंढ्यांना आपली चरण्याची हद्द माहीत असते. कोकरू आईबरोबर फिरता फिरता ती शिकतं आणि पुढे आपल्या कोकराला शिकवतं. असा कळप मारला गेला तर बाजारातून नव्या मेंढ्या आणता येतात, पण त्यांना हद्द कोण शिकवणार? याच हर्डविक मेंढ्यांसाठी लेखिका बिअॅट्रिक्स पॉटर यांनी आयुष्याचा उत्तरार्ध वेचला होता. १९४३ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांनी चार हजार एकरांहून अधिक जमीन आणि चौदा शेतं नॅशनल ट्रस्टला दिली. 'पीटर रॅबिट' वाचणाऱ्या मुलांना हे नक्की सांगा.

रोग देशात कसा शिरला? बेकायदा आणलेलं मांस उष्ट्या-खरकट्यातून डुकरांना खायला गेलं असावं, असा तपासाचा निष्कर्ष होता. आता आपल्या घराशी थेट संबंध येतो. भारतातून ब्रिटनला जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. आजी म्हणते, "एवढंसं तूप आणि पावशेर पेढे नेले तर कुणाचं काय जातं?" आजींना रागावू नका, पण २००१ ची गोष्ट सांगा. कायदा सगळ्यांसाठी सारखा असतो तो यासाठीच.

जाणाऱ्या कुटुंबांसाठी काही सूचना

१. मसाल्याचा डबा बरोबर ठेवा. गावातल्या छोट्या दुकानात दूध, पाव, अंडी, बटाटे मिळतील, पण तूरडाळ आणि गोडा मसाला मिळेलच असं नाही. कुकर सहसा नसतो, तेव्हा मूगडाळ-मसूरडाळ बरी, लवकर शिजते.

२. फोडणी करताना खिडकी उघडा आणि पंखा लावा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आधी धुराची घंटा वाजायची! घंटेची बॅटरी मात्र काढून ठेवू नका. जुन्या लाकडी तुळयांच्या घरात ती जीव वाचवते.

३. अनेक शेतांवर गटार नसतं, सेप्टिक टँक असतो. तेल, भात, ओले रुमाल मोरीत किंवा संडासात टाकू नका.

४. जनावरांना हात लावला की साबण आणि पाण्याने हात धुवायचे, मग खायचं. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, कारण शेणातले काही घातक जंतू त्याने हटत नाहीत.

५. घरात कुणी गरोदर असेल तर तिने विणाऱ्या मेंढ्या आणि नवजात कोकरं यांच्यापासून लांब राहावं. त्यांच्यापासून होणारे काही संसर्ग गर्भाला धोक्याचे असतात.

६. वासरं बरोबर असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. आपल्याबरोबर कुत्रा असेल तर तो साखळीला बांधलेला हवा. पण गाई अंगावर आल्याच तर साखळी सोडून द्या. गाई कुत्र्याच्या मागे जातात, तो पळून वाचतो आणि आपणही वाचतो.

७. रस्त्याकडेला अंड्यांचा खोका आणि शेजारी पैशांचा डबा दिसतो, विकणारा कुणी नसतो. पैसे मुलाच्या हातून टाकायला लावा.

दुसरी बाजूही सांगा

सगळं गोड चित्र उभं करू नका. देखण्या गावांमध्ये घरांमागून घरं सुट्टीसाठी गेली की तिथल्याच तरुण जोडप्यांना घर परवडत नाही. शाळेची पटसंख्या घटते, हिवाळ्यात खिडक्या अंधाऱ्या राहतात. केवळ कर वाचवायला 'हे सुट्टीचं घर' म्हणणाऱ्यांना आळा बसावा म्हणून इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ पासून नियम कडक झाला. घर वर्षात किमान १४० रात्री भाड्यासाठी उपलब्ध हवं आणि त्यांपैकी ७० रात्री प्रत्यक्ष भाड्याने गेलेलं हवं, तरच त्यावर व्यवसायाचा कर लागतो. एप्रिल २०२५ पासून अशा घरांना मिळणाऱ्या आयकराच्या खास सवलतीही बंद झाल्या. शहरातल्या माणसाने विकत घेऊन भाड्याला लावलेलं घर आणि शेतकऱ्याने पडका गोठा दुरुस्त करून केलेलं घर, दोघांना एकच नियम असावा का? आठवी-नववीच्या वर्गात यावर वाद चांगला रंगतो.

वर्गात आणि घरी घेण्याचे उपक्रम

१. गणित : समजा सहा जणांसाठी आठवड्याचं भाडं ९०० पौंड आहे. एका माणसाला एका रात्रीचा खर्च किती? (सुमारे २१ पौंड ४३ पेन्स.) वर्षात ७० रात्री भाड्याने गेल्या तर शेतकऱ्याच्या हाती एकूण किती येतील? त्यातून कोणते खर्च वजा होतील, याची यादी करा.

२. भूगोल : लेक डिस्ट्रिक्ट सुमारे साडेचोपन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊनंतरही उजेड का असतो, आकृती काढून सांगा.

३. तुलना : महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं. आपल्याकडच्या कृषी पर्यटन केंद्रात पिठलं-भाकरी यजमान वाढतो, तिकडे पाहुणा स्वतः रांधतो. दोन्हींत शेतकऱ्याचं काम, खर्च आणि पाहुण्याशी येणारा संबंध कसा बदलतो?

४. लेखन : प्रत्येक कॉटेजमध्ये पाहुण्यांसाठी सूचनांची वही असते. तुमच्या आजोळच्या घरी अनोळखी पाहुणे आठ दिवस राहणार आहेत, असं समजून वही तयार करा. विहीर, गोठा, चूल, कुत्रा, शेजारी, काहीही विसरू नका. प्रत्येक सूचनेपुढे तिचं कारण लिहायचं.

चौथा उपक्रम जरूर घ्या. "विहिरीपाशी चपला घालून जाऊ नये" असं लिहिल्यावर त्यापुढे कारण लिहायला मूल अडतं. मग ते आजीला विचारतं. कारण कळलं की नियम पाळावासा वाटतो, आणि कारणच सापडलं नाही तर तो नियम हवा का, हेही त्याला विचारता येतं.

इंग्लंडला आपल्यातली थोडीच मुलं जातील. पण दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी, सहलीला एखाद्या मळ्यात, गडावर जाताना कुणाच्या तरी शेताच्या बांधावरून सगळीच जातात. तिथे फाटक नसेल, काटेरी झापाची कवाडी असेल. ती होती तशी लावून पुढे गेलेलं मूल दिसलं, की पाठ पोहोचला असं समजा.

तुमच्या वर्गात मुलांनी लिहिलेल्या सूचनांपैकी एखादी आम्हाला जरूर कळवा.